एकाच नारळाचे सत्कार

उभ्या सोलापुरात ज्या कार्यक्रमाला आमचे शेजारी अध्यक्ष नव्हते, तो कार्यक्रम झालाच नाही असं खुशाल धरून चालावं. गणेशमंडळ, रक्तदान, बोअरचं उद्घाटन, एकदा तर पिठाच्या गिरणीची नवी मोटर. फीत दिसली की कात्री यांच्या हातात. हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यावर गल्लीने त्यांचं नाव सोडूनच दिलं. लहानथोर त्यांना अध्यक्ष म्हणतात. तेही कुणाला पदाशिवाय हाक मारत नाहीत. मी कॉलेजच्या वाचनालयात नोकरी केली म्हणून मी ग्रंथपाल, दूधवाला दुग्धाधिकारी. त्यांचं भाषण पाऊण तासाचं. त्यात मांडववाल्यापासून सगळ्यांचे आभार असत आणि अगदी शेवटी, लोक चपला शोधायला लागले की, ‘माझ्या सौभाग्यवतींनीही सहकार्य केले’ हे एक वाक्य. ते ऐकायला वहिनी शेवटच्या रांगेत मांडीवर रिकामी पिशवी घेऊन बसलेल्या असत. शाल आणि नारळ घरी न्यायची ती पिशवी. शालींनी एक कपाट भरलं होतं. नारळाची वहिनी दुसऱ्या दिवशी चटणी करत. सत्काराचा मनुष्यजातीला तेवढाच उपयोग आहे, असं माझं मत होतं.

ते मला बदलावं लागलं. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. वहिनींना ते रोजच आल्यासारखं वाटू लागलं. त्या भरत सुटल्या: पातेली, वाट्या, समई, अध्यक्षांचे बूट. ओले मोजे वाळत घालताना अध्यक्ष म्हणाले, “जलव्यवस्थापन चोख आहे.” मग एका भर दुपारी वहिनी कळशी घेऊन निघाल्या आणि तीन गल्ल्या पलीकडे कुणाच्या तरी ओट्यावर रडताना सापडल्या. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश म्हणून सांगितलं. अध्यक्षांनी त्याच आठवड्यात सगळ्या मंडळांचे राजीनामे दिले. ते इतक्या तातडीने मंजूर झाले की थोडं वाईटच वाटलं.

पुढची दोन वर्षं त्या घरात काय काय झालं ते मी भिंतीपलीकडून ऐकलं आणि बरंचसं पाहिलं. कडी दाराच्या वरच्या टोकाला गेली. बाथरूममधला आरसा उतरला, कारण आत कुणीतरी बाई आहे म्हणून वहिनी संकोचाने बाहेरच उभ्या राहत. कडक भाकरीवर वाढलेल्या बाईला भाकरी वरणात कुस्करून, घासागणिक थांबून भरवावी लागे. अध्यक्ष प्रत्येक घासाला ‘अनुमोदन’ म्हणत. औषधाच्या दुकानात त्यांनी भरगर्दीत मोठ्यांचे डायपर मागितले. दुकानदार ते वर्तमानपत्रात गुंडाळायला लागला, तेव्हा म्हणाले, “गुंडाळू नका. आयुष्यभर मी कुठलीही गोष्ट उघड्यावरच स्वीकारली आहे.”

अडलं ते आंघोळीपाशी. वहिनी अक्कलकोटकडच्या. माहेरचं कन्नड त्यांनी लग्नानंतर बाजूला ठेवलं होतं, ते आता परत आलं होतं. पाणी दिसलं की ‘ब्याड, ब्याड’, म्हणजे नको, नको. मदतीला येणाऱ्या सुवर्णाबाईंना त्यांनी ओरबाडलं. अध्यक्षांच्या चष्म्याची काडी गेली. नऊ दिवस आंघोळ नाही, पाठीवर चट्टे उठलेले. पुण्याची मुलगी फोनवर म्हणाली, “बाबा, तुमच्याच्यानं आंघोळसुद्धा होत नसेल, तर मी आईसाठी इकडच्या देखभाल केंद्रात जागा बघते.” ती चुकीचं बोलत नव्हती. अध्यक्ष फोन ठेवून भिंतीवरच्या मानचिन्हांकडे पाहत राहिले. मी म्हणालो, “बघू काहीतरी.” याहून निरुपयोगी वाक्य मराठीत नसेल.

माणूस बुडायला लागला की जे येत असेल ते करतो. अध्यक्षांना एकच गोष्ट येत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते जाकीट-टोपी चढवून वहिनींसमोर हात जोडून उभे राहिले.

“आज अकरा वाजता आपला सत्कार आहे. तयार होऊन यावं.”

वहिनींनी वर पाहिलं. “माझा?”

“आपलाच.”

“मग पाणी तापवा की. अशीच येऊ व्हय?”

तेव्हापासून रोज अकरा वाजता सत्कार. प्रमुख पाहुणा मी, प्रेक्षक सुवर्णाबाई. शाल कपाटातली, नारळ मात्र रोज तोच. पाच महिन्यांनी सुवर्णाबाई म्हणाल्या, “अध्यक्ष, नारळाचा पार गोटा झालाय. खडखडतोय आतनं.” अध्यक्ष म्हणाले, “खडखडू दे. टाळ्यांना माणसं कमीच आहेत.” भाषण पाऊण तासावरून दीड मिनिटावर आलं, गल्लीला पंचवीस वर्षांत जे जमलं नाही, ते या आजाराने केलं. सत्काराचं कारण रोज नवं. कधी चाळीस वर्षं शेंगाचटणी कुटल्याबद्दल, कधी सासूचं दुखणं एकटीने काढल्याबद्दल. एकदा ते म्हणाले, “मुलीच्या तापात तीन रात्री जागल्याबद्दल, कारण मी तेव्हा अकलूजला एका सभेत होतो,” आणि पुढचं भाषण त्यांना येईना. मी टाळ्या वाजवल्या. दुसरं काय करणार?

एका सकाळी शाल अंगावर घेतल्यावर वहिनी माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, “आमच्या घरचे न्हाय आले?”

अध्यक्ष दोन हातांच्या अंतरावर उभे होते. तेच म्हणाले, “येतील. निघालेत.”

“त्यांना लई कामं असत्यात,” वहिनी मला म्हणाल्या. “त्यांची खुर्ची मांडा की. उभं राहायचं न्हाय त्यांना.”

त्या दिवसापासून चौथी खुर्ची आली. रोज स्वतःची रिकामी खुर्ची अध्यक्ष स्वतः मांडत, रुमालाने पुसत आणि पलीकडे उभे राहून भाषण करत. महिनाभराने त्यांचा धीर सुटला असावा. मला म्हणाले, “ग्रंथपाल, आज सूत्रसंचालन तुम्ही करा.” जाकीट-टोपी खुंटीला अडकवून, साध्या सदऱ्यात, ते बाहेरून आत आले आणि त्या खुर्चीवर बसले. वहिनींनी त्यांना निरखून पाहिलं.

“उठा हितनं,” वहिनी म्हणाल्या. “आमच्या घरच्यांची जागा हाय ती.”

अध्यक्ष उठले. आत गेले. बाहेर आले ते जाकीट-टोपी घालून. ‘आजच्या सत्कारमूर्ती’ म्हणून त्यांनी भाषण सुरू केलं. मी आयुष्यभर या माणसाच्या टोपीला हसत आलो होतो. त्या दिवशी ती त्यांच्या डोक्यावर नसती, तर त्यांना त्या घरात ओळखणारं कुणीच उरलं नसतं.

युक्तीही शेवटी संपली. दिवाळीनंतर वहिनींनी सत्कार या शब्दालाच मान हलवणं सोडलं. आता त्या अंथरुणावरच असतात. सुवर्णाबाई आणि अध्यक्ष ओल्या फडक्याने अंग पुसतात, दोन-दोन तासांनी कूस बदलतात. ‘ब्याड’सुद्धा बंद झालं आहे. एके काळी ते ऐकून आमचा जीव मेटाकुटीला यायचा. आता ऐकू आलं तर आम्ही पेढे वाटू. मुलीने पुन्हा केंद्राचं विचारलं नाही. विचारण्यासारखं तिला काही दिसलं नसेल.

अकरा वाजता मी अजून जातो. भाषण नसतं. अध्यक्ष पलंगाजवळ उभे असतात, शाल वहिनींच्या पायांवर, नारळ खिडकीत. परवा जाताना ती चौथी खुर्ची वाटेत आली, म्हणून घडी करून भिंतीला लावायला गेलो.

“राहू द्या,” अध्यक्ष म्हणाले. “त्यांच्या घरचे यायचे आहेत.”