दक्षिण ध्रुवावरचं गाऱ्हाणं

मंदीनंतरच्या वर्षी दुबईला भावाकडे गेले आणि चक्क दक्षिण ध्रुवावर पोचले, तेही सुती साडीत, घामाने निथळत!

"समुद्रात वाळू टाकून जगाचा नकाशा केलाय, ताई. बेटं विकली, मंदी आली, मालक गायब. वॉचमन तेवढे उरलेत," दुबईच्या देरा बंदरात लाँचमध्ये बसताना सुधीरने समजावलं. त्याची लेक रिया म्हणाली, "आत्या, रिअल अंटार्क्टिकावर सेव्हन कंट्रीज क्लेम करतात. बट नोबडी फाइट्स."

इथे, नकाशातल्या अंटार्क्टिकाच्या बेटावर, मात्र दोन वॉचमनची जुंपली होती. अर्ध्या ध्रुवावर आमच्या मालवणकडचा भिकूदादा, अर्ध्यावर पेशावरचा खान. कंपन्या वेगळ्या. शमालने (वायव्येचा वारा) हद्दीचे खुंटे वाहून नेलेले आणि दोघांनाही साहेबांची तंबी, फूटभर जागा गेली तर घरचा रस्ता धरा. साहेब संध्याकाळी यायचे होते. अबोला असा, की हमूरची (तिकडचा मासा) आमटी अलीकडे, गरम रोट्या पलीकडे. मेल्यांनो, निदान जेवा तरी एकत्र!

"ये गो बाय," म्हणत भिकूदादाने नारळ घेतला आणि गाऱ्हाणं (जागेच्या राखणदाराला विनवणी) घातलं.

"बा देवा महाराजा, ही जमीन तुझी!"

"व्हय महाराजा!" आम्ही ओरडलो.

"हय जो कोण उभो आसा, त्याची इडापिडा टाळ रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

पुढे त्याची जीभ अडली. गाऱ्हाण्यात हजर माणूस वगळायचा नसतो, आणि खान तर रोट्या घेऊन समोरच उभा. मग भिकूदादा एका दमात म्हणाला, "आणि ह्या खानाची नोकरीपण सांभाळ रे महाराजा!"

"मेरा नाम लिया?" खानने विचारलं. सुधीरने अर्थ सांगितला. खानने रोट्या खाली ठेवल्या आणि म्हणाला, "यल्ला, चल भिकू, रस्सी ला."

दोघांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली, दुमडली आणि मध्यावर खुंटे ठोकले. संध्याकाळी दोन्ही साहेब बघून मुकाट गेले. पण त्याआधी आम्ही आमटी-रोटीवर असा आडवा हात मारला म्हणता!

पुण्याला परतल्यावर काही महिन्यांनी भिकूदादाचा फोन आला. खानची कंपनी बुडाली, त्याला घरी धाडलं.

"अख्खो ध्रुव माझो झालो गो बाय," तो म्हणाला. जमीन मिळून इतका हिरमुसलेला माणूस मी पहिल्यांदाच ऐकला.

"मग आता खुंटे काढलेस?"

"नाय गो. कालच वाऱ्यान एक पाडलो, तो परत ठोकलंय. खान येतलो, इन्शाल्ला."