गुरप्पाअण्णांचा फोन

गुरप्पाअण्णांच्या किराणा दुकानात फोन आला की तो सगळ्या गल्लीला आलेला असे. समोरचा जे बोलेल ते वाक्य अण्णा बेंबीच्या देठापासून ओरडून परत म्हणत. चिटगुप्पा गावात तेव्हा फोन मोजकेच, आणि ट्रंक कॉलच्या खरखरीत निम्मे शब्द वाटेतच गळत. "बोललेलं पोचलं का न्हाई, हे तिकडच्याला कळाया नको व्हय बाई?" असं ते मला समजावत. मी शाळेत नव्यानं लागलेली शिक्षिका, त्यांच्याच घरात मागच्या खोलीत भाड्यानं राहत होते. दुपारच्या झोपेवर मी लवकरच पाणी सोडलं.

एकदा शेजारच्या शिंप्याच्या मुलीचं स्थळ मोडलं, ते अण्णांच्या तोंडून अख्ख्या बाजारानं ऐकलं. "पोरगी पसंत न्हाई म्हणता? कामून?" शिंपी बिचारा पायरीवर मान खाली घालून उभा. आतून महादेवीअक्का, अण्णांची बायको, कडाडली, "जरा हळू बोला की! लोकाच्या घरचं हाय, दवंडी कामून पिटायलाव?" अण्णा वरमले. संध्याकाळी स्वतःहून शिंप्याच्या घरी जाऊन बसले, दुसरं स्थळ शोधून दिलं, आणि ते जमल्याचा फोन आला तेव्हाही तितक्याच जोरात ओरडले.

त्या अक्काच्या छातीत गाठ निघाली. कितीतरी महिने तिनं लाजेपोटी कुणाला सांगितलंच नव्हतं. सोलापूरच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. तिला पुन्हा बसचे हाल नकोत म्हणून अण्णांनीच निकाल फोनवर कळवायला सांगितलं. गल्लीचे सगळे निरोप त्याच फोनवर येत, आपलाही येईल, असं त्यांना वाटलं.

फोन आला तेव्हा मी साखर घ्यायला दुकानात उभी होते. मधल्या दाराआड अक्का तूर पाखडत होती. "व्हय डॉक्टरसाब, गुरप्पाच बोलायलोय... तुकडा तपासून आला म्हणता..." आणि अण्णा थांबले. आतलं सूपही थांबलं. अण्णा नुसतेच ऐकत राहिले. मग त्यांनी अंगठ्यानं फोनवरचा खटका दाबून लाइन तोडली, आणि मुका झालेला रिसीव्हर तसाच कानाला धरून ओरडू लागले, "साधी गाठ हाय म्हणता? काळजी न्हाई म्हणता? औषधानं बरं व्हतंय म्हणता? लई उपकार झाले डॉक्टरसाब!" डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आवाज मात्र कुठं चिरकला नाही. मी पाहत होते, हे लक्षात आल्यावर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

त्यानंतर ते तिला सोलापूरला मोठ्या दवाखान्यात किरणांचा शेक द्यायला नेत, तेही साध्या गाठीचाच म्हणून. फार उशीर झालाय, हे डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. कुणी विचारलं की अक्का म्हणे, "साधी गाठ हाय, जाईल." रोज सकाळी अण्णा तिची वेणी घालू लागले. वाकडीतिकडी होई, आणि अक्का ती तशीच मिरवी.

वेळ अमावस्येला, रानात पूजा करून तिथंच जेवायच्या सणाला, आम्ही त्यांच्या शेतात गेलो. अक्कानं शेंगा-भाज्यांच्या भज्जीचा एक घास कसाबसा गिळला. अण्णा पिकावर आंबील शिंपडत बांधाकडे गेले, तशी ती माझा हात धरून म्हणाली, "बाई, फोनवर ते आधी ऐकतेत, मग वरडतेत. त्या दिशी एकामागं एक वरडत सुटले, मधी ऐकायला थांबलेच न्हाईत."

मी बांधावरच्या अण्णांकडे पाहिलं.

"त्यांला सांगू नका. जन्मात पहिल्यांदा खोटं बोललेत, तेबी माझ्यासाठी."

उन्हाळा लागायच्या आत अक्का गेली. मला फार रडू आलं, आजही येतं. अण्णांचं फोनवर ओरडणं कायमचं थांबलं. पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो" करत राही आणि अण्णा "व्हय" एवढंच पुटपुटत. गल्ली इतकी शांत झाली की शिंपी एकदा मुद्दाम येऊन म्हणाला, "अण्णा, जरा वरडा की."

पुढं माझी बदली झाली. अण्णा मला बसपर्यंत पोचवायला आले, शेंगांची पिशवी खिडकीतून आत दिली आणि गज धरून उभे राहिले.

"बाई, तिला कळलं न्हवतं न्हवं?"

"नाही अण्णा," मी म्हणाले. "शेवटपर्यंत नाही."

बस सुरू झाली. अण्णांनी माझ्याकडे पाहत, जुन्या सवयीनं पण अगदी हळू, माझंच वाक्य परत म्हटलं, "शेवटपर्यंत न्हाई म्हणता."