हौसाबाईंच्या नावाची माशी

चाकणच्या कंपनीत आम्हाला मोबाइल आत नेता येत नाही, त्यामुळं माझ्या नवऱ्याचा, संदीपचा निरोप गेटवरून आला. तपासणी विभागातून गेटपर्यंत चालत जातानाच मला कळलं होतं... वैजूताई गेल्या. फोनवर संदीप एवढंच म्हणाला, "आईला अजून सांगितलं नाही. तू ये, मग बघू." संत तुकाराम नगरला वैजूताईंच्याच घरात सासूबाईंच्या, म्हणजे आईंच्या पुढ्यात बसून ते शेवटी मीच सांगितलं. आणि त्यानंतर आणखी एक गोष्ट त्यांना मलाच सांगावी लागली, जिच्यापायी अजून माझं मन थाऱ्यावर नाही.

वैजूताई माझ्या नणंद, संदीपची मोठी बहीण. पिंपरीतल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. लग्न केलं नाही. चाकणजवळची शेती कंपन्यांत गेल्यावर आई त्यांच्याकडंच राहायला आल्या, आम्ही दोघं रावेतला. नवीन लग्न झालेलं, प्राध्यापक नणंद, म्हणून पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले ती अंग चोरूनच. पण त्यांनी माझा हात धरून मला सूक्ष्मदर्शकापुढं बसवलं आणि एका माशीचा चेहरा दाखवला. टपोरे डोळे, खाली चक्क दाढीमिशा. "ही दुसऱ्या किड्यांची शिकार करते. उडता उडता धरते," त्या सांगत होत्या, भाचीचे मार्क सांगावेत तशा कौतुकानं. आई शेजारी गवार मोडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लोक इचारत्यात, थोरली काय करती. काय सांगू मी? माश्या मारती?" सगळ्यांत जास्त हसल्या त्या वैजूताईच.

एकदा मी त्यांच्याबरोबर भीमाशंकरच्या बाजूच्या जंगलात गेले. डोंगराच्या धारेवर, दाट झाडीतून जिथं थोडं ऊन खाली पोचतं अशा एका जागी त्यांनी मला गप्प बसवलं. वाळक्या काटकीच्या टोकावर एक काळपट माशी बसली होती. मला ती दिसायलाच वेळ लागला. एकदम ती उडाली आणि लगेच परत त्याच काटकीवर आली, तेव्हा तिच्या पायांत एक छोटी मधमाशी होती. मी जाळी त्यांच्या हातात द्यायला लागले तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. "पकडायची तर आहेच. पण जेवण होऊ दे तिचं." आम्ही तशाच बसून राहिलो. तिचं आटोपल्यावर वैजूताईंनी जाळी टाकली. मारल्याशिवाय वर्णन लिहिता येत नाही, हे त्यांना आयुष्यभर सलत राहिलं.

ती माशी त्यांना ओळखीची वाटेना. पुढच्या दोन हंगामांत त्यांनी आणखी नमुने मिळवले. त्यांचे गुरू साठे सर, आता निवृत्त, त्यांच्याबरोबर बसून जुनी वर्णनं तपासली. जवळची एकच जात निघाली, फार पूर्वी कुणा परदेशी माणसानं एकाच माशीवरून नोंदवलेली. त्या वर्णनात पाय पिवळे म्हटले होते. आपल्या माशीचे पाय तर काळे. म्हणजे ही नवी जात. मला समजावताना त्या म्हणाल्या, "तुमच्याकडं मास्टर पीस असतो ना अनघा, ज्याच्याशी बाकीचे पार्ट ताडून बघता? तसा त्या जुन्या जातीचा मास्टर पीस परदेशातल्या संग्रहालयात आहे. फोटो मागवलेत. येतील." दोघांच्या नावानं लेख पाठवला, तो स्वीकारला गेला, आणि एका रविवारी जेवताना त्यांनी जाहीर केलं की माशीला आईंचं नाव दिलंय. हौसाबाईंच्या नावाची माशी. आईंचा घास हातातच राहिला. "माजं? माशीला?" मग पदरानं तोंड झाकून हसत राहिल्या. त्यानंतर मात्र इमारतीत असं एक घर उरलं नाही जिथं त्यांनी ते सांगितलं नाही. आता लोकांनी विचारलं तर सांगायला काहीतरी होतं...

फोटो आले तेव्हा वैजूताई दवाखान्यात होत्या. आजार हाताबाहेर जात होता, पण त्यांनी लॅपटॉप मागवला आणि मला शेजारी बसवून दोन्ही चित्रं पडद्यावर लावली. या माश्यांत नराच्या शेपटीकडच्या हुकासारख्या आकड्यावरून जात ठरते. मी दिवसभर दोन वस्तू एकमेकींशी ताडून बघणारी बाई, मला सांगायची गरज नव्हती. तोच बाक, टोकाला तीच खाच. "आणि पाय?" मी विचारलं. "वर्णन लिहिलं तेव्हाच नमुना जुना होता. रंग उडालेला," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "बहुतेक ती माझी नाही गं." आवाजात रडणं नव्हतं. "बरी झाले की साठे सरांशी बोलते." मी लॅपटॉप मिटला. त्या बऱ्या झाल्या नाहीत.

दहाव्यानंतर साठे सर घरी आले. लेख छपाईच्या टप्प्यावर होता, त्यावर वैजूताईंच्या नावाआधी कैलासवासी लिहायचं का, हे विचारायला. तेव्हा मी त्यांना बाजूला नेऊन फोटोंचं सांगितलं. ते बराच वेळ पडद्याकडं बघत बसले. चष्मा काढून पुसला, परत बघितलं. "छापून येऊ दे, असं मला फार वाटतंय," ते म्हणाले. "पुढं कुणीतरी दुरुस्त करेल. असं होत असतं." संदीप तर चिडलाच. "कुणाला कळणार आहे? आणि तिनं तुला सांगितलं होतं का, थांबव म्हणून?" नव्हतं सांगितलं. मी एवढंच म्हणाले, की त्या असत्या तर त्यांनी काय केलं असतं, हे तुम्हा दोघांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सरांनी त्याच आठवड्यात लेख मागं घेतला. आता तो वेगळा लिहायचा, नव्या जातीचा नाही, पूर्वी एकदाच सापडलेली माशी पुन्हा दिसली असा. संदीप काही दिवस माझ्याशी तुटक बोलत होता. मला त्याचा राग आला नाही.

आईंना सांगितलं तेव्हा त्यांनी नीट ऐकून घेतलं. "म्हंजी माजं नाव न्हाई आता?" "नाही आई." "आन् तिचं?" लेखावर असेल, पण त्या विचारत होत्या ते काही वेगळंच. "मग येवढं रानोमाळ हिंडली पोरगी, ते कशापायी?" असं म्हणून त्या आतल्या खोलीत गेल्या. बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मी बरोबर वागले असं मला वाटतं. पण कधीकधी, शिफ्ट संपवून बसमध्ये बसले की वाटतं, काय बिघडलं असतं... एका म्हातारीचं नाव एका माशीला आणखी थोडे दिवस राहिलं असतं तर.

मागच्या रविवारी सरांनी एक काम सांगितलं होतं. ज्या माशीवरून नव्या जातीचं वर्णन लिहितात, तिच्या टाचणीला लाल चिठ्ठी लावायची रीत आहे. संग्रह दुसरीकडं पाठवण्याआधी ती काढायला हवी, नाहीतर पुढं बघणारा फसेल. मी वैजूताईंच्या खोलीत टेबलाशी डबी उघडून बसले. डांबरगोळ्यांचा वास आला. आई दारात येऊन उभ्या राहिल्या, मग जवळ आल्या. चिमट्यानं मी लाल चिठ्ठी सोडवली. तिच्यावर आईंचं नाव होतं. आईंनी तळहात पुढं केला, मी ती त्यावर ठेवली. टाचणीला खाली एक पांढरी चिठ्ठी राहिली होती, वैजूताईंच्या बारीक अक्षरातली.

"ही बी काढायची?"

"नाही. ही कायम राहते. माशी कुठं सापडली, कधी, आणि कुणी पकडली, ते असतं."

"कुणी पकडली?"

मी त्यांना नाव वाचून दाखवलं. त्यांनी वाकून, डोळे बारीक करून, जे त्यांना वाचता येत नाही ते बघितलं. माशी काळी, आडवी, पाय जवळ घेतलेली.

"डबी लाव," आई म्हणाल्या. "मुंग्या लागत्याल."