टर्मिनलला सापडतं, एडिटरला नाही

इंझोरीला घरी बसून नोकरी करायचा माझा तिसरा आठवडा होता. सकाळीच लाइट गेली आणि चार्जिंग संपून लॅपटॉप बंद पडला. तासाभराने लाइट आल्यावर मी घाईघाईत कोड लिहायचा एडिटर उघडला, तर कोपऱ्यात लाल पट्टी. कोड तपासणारं टूल सापडत नाही म्हणे.

एडिटरमधलं प्लग-इन, म्हणजे त्याला वरून जोडलेला छोटा प्रोग्राम, स्वतः काहीच तपासत नाही. लॅपटॉपवर टाकलेलं टूल ते शोधतं आणि त्याच्याकडून काम करून घेतं. ते टूल तर जागेवर होतं. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत नाव टाइप केलं की लगेच उत्तर द्यायचं. मग इथेच का नाही? प्लग-इन काढून परत टाकलं, टूलही परत टाकलं. लाल पट्टी तशीच. बारा वाजता कोड पाठवायचा होता.

बाबा वावरातून आले. "काहून तोंड पाडून बसली वं?"

"बाबा, एकच लॅपटॉप हाय. टर्मिनलले टूल सापडते, एडिटरले नाही."

"काल सापडत होतं?"

"हो ना!"

"मंग आज तू काय येगळं केलं?"

"काहीच नाही," मी चिडून म्हणाले. मला खरंच तसं वाटत होतं.

पुण्याच्या सीनियर मॅडमना फोन करायचं मी टाळत होते. गावातून काम जमेल, असं माझ्यासाठी त्यांनीच वर सांगितलं होतं. अकरा वाजता शेवटी लावलाच.

"एडिटर कसा उघडलास?" त्यांनी विचारलं.

"आयकॉनवर क्लिक करून."

"आणि रोज?"

रोज मी तो टर्मिनलमधून उघडायचे. कोर्सला तसंच शिकवलं होतं.

त्या म्हणाल्या, टर्मिनल सुरू होताना एक फाइल वाचतं. टूल कुठल्या फोल्डरांत शोधायची, त्यांची यादी तिच्यात असते. टर्मिनलमधून उघडलेल्या एडिटरला ती यादी आपोआप मिळते, आयकॉनवरून उघडलेल्याला नाही. "प्लग-इनच्या सेटिंगमध्ये टूलचा पूर्ण पाथ, म्हणजे पत्ता लिही."

लिहिला. पट्टी लालच.

"वाचून दाखव बरं," मॅडम म्हणाल्या. मी वाचलं. "अगं, हा तर फोल्डर झाला. शेवटी टूलचं नाव कुठंय?"

नाव जोडलं आणि पट्टी गेली. लगेच माझ्या कोडमधल्या सात चुका पिवळ्या रेघांनी उमटल्या. स्वतःच्या चुका बघून इतका आनंद मला कधी झाला नव्हता. कोड बारा वाजून दहा मिनिटांनी गेला. दहा मिनिटांचा उशीर चालून गेला.

जेवताना बाबांना समजावायला लागले आणि मधेच अडकले. एडिटर तोच, लॅपटॉप तोच, उघडणारी मीही तीच. मग एका वाटेने आलं की त्याला टूल कुठंय ते ठाऊक असतं आणि दुसरीने आलं की नसतं, असं कोणी का ठरवलं असेल?

"मले बी नाही समजलं," मी कबूल केलं.

"चालून राह्यलं ना आता? मंग भाजी घे," बाबा म्हणाले.