सोळा पानांची कॅसेट

सुधींद्रराव जाधव हा कानडी मुलखातल्या आमच्या नगरथपेटेतला पहिला रॅप गायक, आणि माझ्या माहितीत शेवटचा. त्याच्या एकूण चार कॅसेटी निघाल्या. पहिली निघाली १९९५ साली, आणि ती निघाली कशी हेच सांगण्यासारखं आहे.

सुधी तेव्हा बावीस वर्षांचा होता. वडील शामसुंदरराव शाळांचे गणवेश शिवत. रॅपवाल्यांची ती ढगळ पँट त्यांनीच खाकी कापडातून शिवून दिली, पण कात्री चालवताना म्हणाले, "एवढ्या कापडात पाचवीची तीन पोरं बसली असती." ती पँट आणि उलटी टोपी घालून सुधी गल्लीतून निघाला की शेजारच्या अंबूबाई ओट्यावरून सांगायच्या, "अरे, ऊन तोंडावर येतंय, टोपी फिरव की!" रोज सांगायच्या. कलेचा प्रश्न आहे, हे त्यांना पटलं नाही.

गाणी तो घरच्या बोलीत रचायचा. म्हणजे निम्मी मराठी, पाव कानडी आणि उरलेली घाई. त्यातच बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यातून नेमणुकीचं पत्र आलं. शामसुंदररावांनी निकाल दिला, "गणपतीच्या आत तुझी कॅसेट दुकानात दिसली तर गा. नाही दिसली तर सकाळी साडेसहाची बस."

कोरमंगल्याला मंजुनाथनं घराच्या गॅरेजात स्टुडिओ थाटला होता. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, आणि त्या अंड्यांच्या साक्षीनं दिवसभर भजनं ध्वनिमुद्रित व्हायची. कॅसेट कंपनीची अट एकच होती: साठ मिनिटं भरलीच पाहिजेत. भजनाच्या कॅसेटला चार पानं पुरतात असं सुधीनं ऐकलं होतं. सावधगिरी म्हणून त्यानं सोळा लिहिली.

शनिवारी सकाळी ती सोळा पानं एकोणीस मिनिटांत संपली.

"आता?" सुधीनं घाम पुसत विचारलं.

"आता काय, अण्णा?" मंजुनाथ म्हणाला. तो आमच्याच गल्लीत वाढलेला, मराठी फर्डी बोलायचा. "भजनात एक ओळ आठ वेळा घेतात. मग पेटी, मग तबला, मग परत तीच ओळ. तू तर दिवाळीचा सगळा फराळ पहिल्याच पाहुण्याला वाढलास!"

सोमवारी कंपनीचा माणूस टेप न्यायला येणार होता. सुधीनं सावकाश म्हणून पाहिलं. बावीस मिनिटं झाली, आणि सगळं शाळेतल्या पाठांतरासारखं वाटायला लागलं.

दुपारी त्याची आई, शारदाबाई, चित्रान्नाचा, म्हणजे फोडणीच्या लिंबूभाताचा, डबा घेऊन बसनं आल्या. गॅरेजात एकच खुर्ची होती, माइकच्या शेजारी. त्या तिच्यावर बसल्या.

"आधी म्हणून घे, मग जेव. मी ऐकते."

ठेका सुरू झाला. सुधीनं सूर, म्हणजे जे काय असेल ते, लावला.

"चिकपेटची गल्ली, दोन हात रुंद,
समोरनं सायकल, रस्ता बंद!"

"थांब," शारदाबाई म्हणाल्या. "सायकलवर कोण?"

"कुणी नाही गं! गाणं आहे."

"कुणीतरी असेल की. अंबूबाईंचा उपेंद्र? त्याला कुठं येते सायकल?"

"आई, स्वल्प थांब ना!"

"मी थांबलेच आहे, तूच पळतोस. परत म्हण बघू."

सुधीनं परत म्हटलं. पुढच्या ओळीला त्यांनी गल्लीची रुंदी दुरुस्त केली. दोन हात नाही, अडीच हात. त्यांनी तिथं वरात जाताना पाहिली होती. पोलिसावरच्या गाण्यात "पोलिसाला असं बोलू नये" म्हणून एक कडवं त्याच्याकडून नरम करून घेतलं. प्रेमाच्या गाण्यात मुलीचं आडनाव विचारलं. सुधी चिडून उत्तरं देत होता, आणि चिडला तरी ठेका सोडत नव्हता. सोळा पानं संपायला एक तास दोन मिनिटं लागली. शेवटची दोन मिनिटं डब्याच्या झाकणाबद्दल होती.

मंजुनाथनं बटण दाबून यंत्र बंद केलं तेव्हा कुठे सुधीला कळलं.

"तू हे रेकॉर्ड केलंस? ही माझी कॅसेट आहे, घरचं भांडण नव्हे!"

"सरी, तुझंच खरं. मग सोमवारी एकोणीस मिनिटं देऊ, की ही साठ?"

सुधी चित्रान्न खात बसला. अर्धा डबा संपल्यावर आईकडे न बघताच म्हणाला, "कॅसेटवर तुझंही नाव घालावं लागेल."

"नाव नको बाई. नुसतं 'आई' घाल."

गणपतीच्या चार दिवस आधी कॅसेट आली. समोरच्या दुकानदारानं ती मोठ्यानं लावली, तेव्हा शामसुंदररावांच्या हातातली कात्री मधेच थांबली. दोन्ही बाजू संपेपर्यंत ते उभेच राहिले. "पोरगं काय बोलतं," ते गिऱ्हाइकाला म्हणाले, "ते आज पहिल्यांदा समजलं."

संध्याकाळी त्यांनी स्वतः बोम्मसंद्र्याला पत्र लिहिलं. मुलगा कामावर रुजू होऊ शकत नाही, क्षमस्व. कारण काय द्यावं, यावर बराच वेळ पेन चावलं. मग लिहिलं, 'आईबरोबर कामात गुंतला आहे.'