हे आमचे हे नाहीत

"मनीषाताई, जरा मागे या. हे आमचे हे नाहीत."

बँकॉकच्या राजवाड्यापासून बस सुटून ट्रॅफिकमध्ये रखडत वीसेक मिनिटं झाली होती. माझ्या हातात माइक होता. काकूंचं हे वाक्य ऐकलं आणि माझं अर्धंच राहिलं.

मी रत्नागिरीतल्या एका छोट्या ट्रॅव्हल कंपनीत टूर मॅनेजर आहे. माणसांना फिरवायचं, खायला घालायचं आणि जेवढी नेली तेवढी परत आणायची. त्यासाठी बस सुटण्यापूर्वी हेडकाउंट घ्यायचा, म्हणजे डोकी मोजायची. त्या दिवशीही मी मोजली होती. तेवीस हवी होती, तेवीस भरली. ड्रायव्हरला ओके दिलं.

मी मागे गेले. "सर वॉशरूमला राहिले का?"

"राहिले कुठे? सीट भरलेली आहे. माणूस वेगळा आहे."

काकूंचे 'हे' म्हणजे देवरूखचे कांबळेसर, निवृत्त मुख्याध्यापक. काकूंना गाडी लागते म्हणून त्या पुढे बसत आणि सर मागच्या खिडकीशी. आता त्या खिडकीशी भलतेच आजोबा बसले होते. डोक्यावर पिवळी टोपी, खाली हत्तींची पॅन्ट.

ही पॅन्ट समजून घ्यायला हवी. राजवाड्यातल्या देवळात गुडघे झाकलेले लागतात. मी आदल्या दिवशी दोनदा बजावलं होतं. तरी निम्मे पुरुष हाफ पॅन्टमध्ये हजर. सरसुद्धा. मुंबईच्या मुलाने त्यांना खास बर्म्युडा घेऊन दिला होता. मग सगळ्यांनी बाहेरच्या दुकानातून हत्ती छापलेल्या ढगळ पॅन्टी घेतल्या. रांगेतल्या बाकी जगानेही तिथूनच घेतल्या असाव्यात. टोप्या मात्र आमच्या कंपनीच्या. पिवळा रंग दुसऱ्या कुणाला सुचणार नाही, असं आमच्या साहेबांचं मत होतं.

"तुम्हाला कळलं कसं?" मी काकूंना विचारलं.

"दुपारची गोळी द्यायला आले. तोंडावर टोपी घेऊन झोपले होते. 'आ करा' म्हटलं, यांनी केला. गोळी घातली, पाणी पाजलं. मग टोपी काढून म्हणतात, 'नंद्री, अम्मा.'"

"गोळी कसली?"

"शुगरची."

रत्नागिरीचा घाम मला ठाऊक आहे. बँकॉकचाही सकाळपासून ठाऊक झाला होता. एसी बसमध्ये फुटलेला हा तिसरा.

'नंद्री' म्हणजे तमिळमध्ये धन्यवाद, एवढं मला ठाऊक होतं. आजोबांनी हसून नमस्कार केला. त्यांच्या गळ्यात चेन्नईच्या एका टूर कंपनीचं कार्ड होतं, पिवळ्या टोपीवरही त्याच कंपनीचं नाव. मी कार्डावरचा नंबर लावेपर्यंत मालगुंडच्या एका बाईंनी पर्समधून आंबापोळी काढली. शुगर उतरायला नको म्हणून त्या तुकडे मोडून देत होत्या आणि आजोबा मान डोलवत खात होते.

तिकडच्या मॅनेजरचं नाव मुरुगन. मी त्याला सांगितलं, "तुमचा एक माणूस आमच्या बसमध्ये आहे."

"नॉट पॉसिबल, मॅडम. माय काउंट इज परफेक्ट."

"माझाही परफेक्टच आहे."

"वन मिनिट," तो म्हणाला. मग त्याच्या बसमधली गडबड ऐकू आली, आणि एक लांब "अय्यो!"

मी गोळीचंही कबूल केलं. तो म्हणाला, "ही आल्सो शुगर पेशंट, मॅडम. सेम टॅब्लेट, सेम टाइम. थँक यू."

आंबापोळी तत्काळ थांबवण्यात आली.

मग फोनवर सर आले. "ताई, एसी चालू दिसला म्हणून चढलो. टेकलो तो डोळाच लागला. जाग आली तर सगळी बस तमिळ बोलतेय. म्हटलं, मंडळी शिकली कधी?" आणि मग आवाज उतरला. "पण ही बस मॉलला चाललीय. माझा निजलेला बुद्ध राहिला की हो!"

सर या टूरला आले होते ते त्या एका मूर्तीसाठी. ती बघायलाच आम्ही निघालो होतो. चेन्नईकरांची ती सकाळीच बघून झाली होती. रात्री आमचं परतीचं विमान होतं.

मी रत्नागिरीला साहेबांना फोन केला.

"बॅगा बदललेल्या ऐकल्यात," साहेब म्हणाले. "बाई, तुम्ही नवरा बदललात?"

"आधी मॉलला जाऊन सर ताब्यात घेते, मग देऊळ."

"मॉलमध्ये शिरलेली माणसं बाहेर येतील?"

"नाही येणार. बाकीच्यांना तिथेच आमच्या लोकल गाइडच्या ताब्यात देते."

मॉलच्या दारात उतरत्या उन्हात अदलाबदल झाली. आजोबा खाली उतरायच्या आधीच त्यांच्या पत्नीने बोलायला सुरुवात केली होती. सगळं तमिळमध्ये. काकूंना शब्दन्शब्द समजला. त्याही सरांकडे वळून सुरू झाल्या. दोघे म्हातारे एकमेकांच्या हत्तींकडे बघत उभे राहिले. घाईघाईत मुरुगनने पुन्हा सरांचाच हात धरला, तेव्हा मी ओरडले, "नो, नो, धिस वन इज माइन!" काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

मग सर, काकू आणि मी टुकटुकमध्ये बसलो. आपल्या रिक्षाचीच बहीण, फक्त जास्त रंगवलेली. देऊळ बंद व्हायला थोडाच वेळ होता. सर आत जवळजवळ धावले आणि थबकले. टोपी काढली. मूर्तीच्या तळव्यांपासून मस्तकापर्यंत ते हात जोडून सावकाश चालत गेले. चष्मा दोनदा पुसला.

काकू हळूच म्हणाल्या, "बघा. निजावं तर असं. आपल्या जागी."

सर इतके हसले की रखवालदाराने तोंडावर बोट ठेवलं.

विमानात आम्ही तेवीसच्या तेवीस होतो. साहेबांनी टोप्यांचा रंग बदलायचं ठरवलं. मी म्हटलं, रंगाने काही होणार नाही. डोकी जुळतात, माणसं जुळतीलच असं नाही. आता मी बसमध्ये नाव घेऊन हजेरी घेते. लोक कुरकुरतात, आम्ही काय शाळेतली पोरं आहोत का म्हणतात. नाव पुकारलं की हात मात्र प्रत्येकाचा वर जातो.