फाटकाच्या खोलीवरचे आकडे

माझ्या हातून चूक होत नाही, असं मीच गावभर सांगत आलो. एक झाली. चहा संपायच्या आत सांगून टाकतो, म्हणजे परत कुणी विचारायला नको.

मी बोईसरजवळच्या रेल्वे फाटकावर गेटमन होतो. फाटकाला लागून काळ्या दगडाची खोली, वर कौलं. गोऱ्या साहेबाच्या काळातली. लग्न करून हिला शिरगावहून आणलं ते थेट त्या खोलीत. आमची मुलगी तिथंच वाढली. तुळईच्या कडीला झोळी बांधायची. मालगाडी गेली की झोळी आपोआप हलायची आणि पोर झोपायची. गाडी लेट झाली की रडायची. बाळंतिणीला एवढा आराम दुसऱ्या कुठल्या खात्यानं दिला असेल?

पुढे उड्डाणपूल झाला, फाटक बंद पडलं. औद्योगिक वसाहतीतल्या कितीतरी कारखान्यांना टाळं लागलं, मालडबे उभे करायची साइडिंग गंजली. खोली मात्र उभी. आम्ही सालवडला राहायला गेलो, तरी संध्याकाळी दोघं येऊन तिच्या पायरीवर बसायचो.

एकदा येऊन बघतो तर दगडादगडावर पांढऱ्या रंगाचे आकडे. माझं डोकंच फिरलं. का, ते सांगतो. रुळाखालचा लाकडी स्लीपर कुजला की मुकादम त्यावर रंगाची खूण करायचा. खूण पडली की स्लीपर उखडलाच. इथून नवे रूळ जाणार हे कानावर आलंच होतं. म्हणजे खोली गेली.

ही म्हणाली, "अवो, तोडायचंच आसंल तर येवढे बारीक आकडे कशाला लिवतील? एक फुली पुरली आसती."

"रेल्वेत तू होतीस का मी?"

ती गप्प बसली. तिथंच मला संशय यायला हवा होता. ही सहसा गप्प बसत नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या पेंटरकडून थिनर आणलं, तारेचा ब्रश घेतला आणि दुपारभर घासलं. हिनेही पदर खोचून घासलं. झोळीची कडी तिचीही होती ना. सगळ्या भिंती लख्ख.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पहारा द्यायला आलो, तर एक बाई आल्या, आमच्या मुलीच्या वयाच्या. जुन्या इमारती जपणं हे त्यांचं काम. सोबत गवंडी. बाईंनी लख्ख भिंतीवरून बोट फिरवून बघितलं.

"कुणी पुसलं हे?"

मी छाती काढून म्हणालो, "मी. पुन्हा लिहाल तर पुन्हा पुसेन. ही खोली पाडू देणार नाही."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडण मला जमतं. हळूच म्हणाल्या, "काका, पाडत नव्हतो. एकेक दगड उतरवून स्टेशनामागच्या मोकळ्या जागेत खोली तशीच उभी करणार होतो. कुठला दगड कुठे, ते या आकड्यांवरून कळणार होतं."

गवंडी वर बघत होता. वर काही नव्हतं.

नशीब, बाईंच्या मोबाइलमध्ये भिंतींचे फोटो होते. मग ही फोटो बघून आकडा सांगणार आणि मी तो दगडावर लिहिणार. शाळा फार शिकलो नाही, पण आकडे येतात. ओळखीचं कुणी थांबून विचारलं की ही सांगायची, "ह्यांनीच पुसलं हाय, म्हणून ह्येच लिवतात." एकालाही तिनं सांगितल्याशिवाय सोडलं नाही.

खोली पुन्हा उभी राहिली. ही आत गेली आणि तिनं आधी वर बघितलं. कडी जागेवर होती. तिनं पदर डोळ्यांना लावला. मी बाहेर येऊन उगाच सिग्नलकडे बघत राहिलो.

मग बाईंनी कुलपाची किल्ली हिच्या हातात दिली. आयुष्यभर फाटक राखलं मी आणि किल्ली हिला! मी विचारलंच, "एवढं कुलूप कशाला? खोली राखायची कुणापासून?"

दोघी माझ्याकडे बघू लागल्या.